मूळ न सापडलेला कर्करोग मेंदूत गेला आहे. आईला किती काळ मिळेल?

परभणी जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र असे आहे:

"माझ्या आईचे वय ५७ आहे. आयुष्यभर शेतात राबली. तंबाखू, मिश्री कधी लावली नाही. पौषापासून पहाटे डोके दुखून उलटी व्हायची. पित्त समजून आम्ही गोळ्या देत राहिलो. माघात तिला फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ आणि उजवीकडे एक लहान ठिपका दिसला. छत्रपती संभाजीनगरला मोठी गाठ काढली, त्याला आता दोन आठवडे झाले. अहवालात 'दुसरीकडून पसरलेला अ‍ॅडेनोकार्सिनोमा' (ग्रंथींच्या पेशींपासून होणारा कर्करोग) असे आले. पण छाती-पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये आणि मॅमोग्राफीत मूळ सापडले नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन 'चार-सहा महिने धरा' असे सांगितले. सध्या ती चालते, अंघोळ-जेवण स्वतः करते. तिला आम्ही 'गाठ होती, निघाली' एवढेच सांगितले आहे. पण ती पुन्हा पुन्हा विचारते. मामा म्हणतात, दोन एकर विका आणि मुंबईला न्या. दाजी म्हणतात, आता तिचे हाल करू नका. धाकट्या बहिणीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. खरेच किती काळ आहे? मूळ सापडत नाही म्हणजे डॉक्टर कमी पडले का? जमीन विकावी का?"

तुम्ही आकडा विचारला आहे, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते. मेंदूत पसरलेल्या कर्करोगावर काहीच उपचार झाले नाहीत, तर रुग्ण साधारण एक ते दोन महिने जगतो, असे जुन्या नोंदी सांगतात. संपूर्ण मेंदूला किरणोपचार दिल्यावर हा काळ तीन ते सहा महिन्यांवर जातो. १९९७ मध्ये अमेरिकेतील किरणोपचाराच्या चाचण्यांतील सुमारे १२०० रुग्णांच्या नोंदी एकत्र करून त्यांचे तीन वर्ग पाडण्यात आले. वय ६५ च्या आत, स्वतःची कामे स्वतः करणारे, मूळ रोग आटोक्यात असलेले आणि मेंदूखेरीज इतरत्र रोग न पसरलेले जे रुग्ण होते, त्यांचा काळ ७.१ महिने निघाला. ज्यांना स्वतःची कामे स्वतः करता येत नव्हती, त्यांचा २.३ महिने, आणि मधल्या वर्गाचा ४.२ महिने. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले 'चार-सहा महिने' बहुधा अशाच आकड्यांवरून आलेले आहेत आणि त्यांनी तुमची दिशाभूल केलेली नाही.

मात्र हे आकडे कसे वाचायचे, हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. शंभर रुग्णांना त्यांच्या जगण्याच्या क्रमाने एका रांगेत उभे केले, तर मधोमध उभ्या असलेल्या रुग्णाला मिळालेला काळ म्हणजे हा आकडा. निम्मे रुग्ण त्याच्या आत जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात, आणि पुढच्या निम्म्यांतले काही फार पुढे, क्वचित काही वर्षेही जगतात. रांगेत तुमची आई कुठे उभी आहे, हे तिचे वय, तिची चालती-फिरती अवस्था, मेंदूतील गाठींची संख्या, शरीरात इतरत्र असलेला रोग आणि त्या गाठीच्या पेशींचा स्वभाव यांवर ठरते. यांपैकी पहिल्या चार गोष्टी आज बऱ्यापैकी तिच्या बाजूने आहेत. पाचवी अजून तपासायची राहिली आहे, आणि माझ्या मते सगळे पुढचे निर्णय त्या पाचव्या गोष्टीवर अवलंबून आहेत.

शिवाय १९९७ च्या त्या नोंदी जुन्या काळातील आहेत. तेव्हा नेमक्या जागी किरण देण्याची सोय फार थोड्या ठिकाणी होती आणि पेशींतील विशिष्ट बदल पाहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या नव्हत्याच. तुमच्या आईच्या अवस्थेशी अधिक जुळणारी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मेंदूतील एक गाठ शस्त्रक्रियेने काढलेले १९४ रुग्ण होते, आणि आणखी तीनपर्यंत लहान गाठी उरलेल्या असल्या तरी त्यांना चाचणीत घेतले जात होते. निम्म्यांना गाठ काढलेल्या जागी नेमके किरण दिले, निम्म्यांना संपूर्ण मेंदूला दिले. दोन्ही गटांचा मध्य एका वर्षाच्या आसपास, म्हणजे १२.२ आणि ११.६ महिने निघाला. परंतु नेमके किरण घेतलेल्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती अधिक चांगली टिकली. या रुग्णांपैकी बहुतेकांचे मूळ माहीत होते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आईला लावता येणार नाही. तरीही शस्त्रक्रिया होऊन चालत्या-फिरत्या असलेल्या व्यक्तीसाठी विचार चार महिन्यांवरच थांबवण्याचे कारण नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते. वर्षाची आशा धरणे अवाजवी नाही. पाच वर्षांचे बेत मी तुम्हाला करू देणार नाही.

आता मूळ न सापडण्याविषयी. कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण दोन ते पाच जणांचे मूळ ठरावीक तपासण्यांनंतरही सापडत नाही, आणि हे जगातील सर्वोत्तम रुग्णालयांतही घडते. बांधावरचे काँग्रेस गवत उपटले गेले किंवा वाळून गेले, तरी त्याचे बी वाऱ्याने उडून शेजारच्या वावरात उगवते. तसेच इथे मूळ गाठ अगदी बारीक राहते किंवा शरीर तिला दाबून टाकते, आणि तिच्यातून सुटलेल्या पेशी मात्र दुसरीकडे वाढतात. अशा रुग्णांची मृत्यूनंतर तपासणी केली गेली, तेव्हाही सुमारे चारांपैकी एकाचे मूळ सापडले नाही. ज्यांचे सापडले, त्यांच्यात फुप्फुस आणि स्वादुपिंड यांचे प्रमाण सर्वाधिक होते. ज्यांचा रोग मेंदूतूनच प्रथम प्रकट होतो, त्यांच्यात तर शेवटी फुप्फुसच बहुतेकदा निघते. तेव्हा तुमचे डॉक्टर कमी पडले असे मला वाटत नाही. त्यांनी आधी गाठ काढली, तिचा तुकडा तपासला आणि छाती-पोट पाहिले. हाच योग्य क्रम आहे.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मेंदूत गाठ दिसली म्हणजे कर्करोगच, असे मानून तुकडा न तपासता रुग्णाला घरी नेणारी कुटुंबे आपल्या भागात मी पाहते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत कर्करोग मेंदूत पसरला आहे असे समजून घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी सहा जणांच्या मेंदूत प्रत्यक्षात वेगळेच काही निघाले होते, आणि आपल्या देशात तर क्षयाची गाठ व फीतकृमीच्या अळीची पुटी एमआरआयवर कर्करोगासारखी दिसू शकते, जी औषधांनी बरी होते. तुकड्याचा अहवाल हातात आल्याशिवाय कोणीही महिने मोजू नयेत.

तुमच्या आईच्या बाबतीत तुकडा निघाला आहे, आणि तीच तुमच्या हातातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. प्रयोगशाळेत तो मेणाच्या लहान ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. त्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथे अर्ज देऊन ब्लॉक आणि काचपट्ट्या ताब्यात घ्या, त्यांची पावती ठेवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत त्या विसरू नका. त्यावर आधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींचे माहेर ओळखण्यासाठी करायची रंगचाचणी, पूर्ण झाली आहे का ते विचारा. टीटीएफ-१ हा खुणेचा पदार्थ आढळला तर बोट फुप्फुसाकडे जाते, गाटा-३ स्तनाकडे, सीडीएक्स-२ आतड्याकडे. मॅमोग्राफी निर्दोष आली म्हणून स्तनाचा प्रश्न कायमचा मिटला असे समजू नका. ही चाचणी त्याचेही उत्तर देते. रोख फुप्फुसाकडे निघाला, तर त्याच ब्लॉकमधून ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतील बदलांची तपासणी करून घ्या. भारतातील फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात साधारण चौघांपैकी एकात ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि तंबाखूला न शिवलेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो.

मी यावर इतका भर का देते, ते सांगते. हे बदल असले तर उपचार तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा होतो, त्यांतील नव्या गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि आयुष्याचा हिशेब बदलतो. २०१७ मध्ये फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा मेंदूत प्रसार झालेल्या रुग्णांची जी गणना प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वाधिक अनुकूल गटाचा मध्य जवळजवळ चार वर्षे होता. तुमच्या आईला तसेच होईल असे मी म्हणत नाही. चारांपैकी तिघांत तो बदल नसतो. पण ही एक चाचणी न करता जमीन विकणे आणि ही एक चाचणी न करता हात टेकणे, हे दोन्ही मला सारखेच घाईचे वाटते.

पेट स्कॅन, म्हणजे जास्त साखर वापरणाऱ्या पेशी उजळ दाखवणारा स्कॅन, एकदा करून घेणे योग्य ठरेल. सीटी स्कॅनमध्ये न दिसलेले मूळ त्यात साधारण तिघांपैकी एकाचे दिसते, आणि इतरत्र रोग आहे की नाही हेही कळते. मेंदूसाठी मात्र एमआरआयच लागतो, कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर वापरत असल्याने पेट स्कॅनवर तो सगळाच उजळ दिसतो. पेट स्कॅन आणि ब्लॉकची तपासणी यांनंतरही मूळ सापडले नाही, तर शोध तिथे थांबवा. पुन्हा पुन्हा दुर्बिणी घालणे, दर महिन्याला नवा स्कॅन करणे, एका शहरातून दुसऱ्या शहरात फायली घेऊन फिरणे यात आईचे चांगले दिवस खर्च होतात आणि उपचार बहुधा बदलत नाही. मूळ माहीत नसतानाही मेंदूवरील उपचार करता येतात आणि तेच आधी करायचे असतात.

ते उपचार म्हणजे किरणोपचार, आणि त्यांना उशीर होता कामा नये. एकच गाठ पूर्ण काढलेल्या ९५ रुग्णांचा १९९८ मधील अभ्यास असा, की ज्यांनी पुढे किरण घेतले नाहीत, त्यांच्यापैकी ७० टक्क्यांच्या मेंदूत रोग परतला. ज्यांनी घेतले, त्यांच्यात १८ टक्क्यांच्या. त्याने एकूण आयुष्य लक्षणीय वाढले नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले; तरीही मेंदूतील रोग परतणे म्हणजे पुन्हा फिट, पुन्हा हातापायांची ताकद जाणे, त्यामुळे तो थोपवण्याचे मोल मला मोठे वाटते. आईची एक जागा शस्त्रक्रियेची आणि एक ठिपका लहान आहे. अशा वेळी संपूर्ण मेंदूऐवजी त्या दोन जागांनाच नेमके किरण देता येतील का, हा प्रश्न किरणोपचारतज्ज्ञांना आवर्जून विचारा. टाके भरून आल्यावर, म्हणजे शस्त्रक्रियेपासून तीन ते पाच आठवड्यांत, हे उपचार सुरू व्हावेत. तुमच्याकडे त्यासाठी फार दिवस उरलेले नाहीत.

मामा आणि दाजी यांच्यातील वादाचे उत्तर यातूनच निघते. दाजींचे म्हणणे मी झिडकारत नाही. जे रुग्ण अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांच्या मेंदूत अनेक गाठी आहेत, त्यांच्यासाठी ते अनेकदा बरोबर ठरते: फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या आणि शस्त्रक्रिया वा नेमके किरण शक्य नसलेल्या ५३८ रुग्णांवरील ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील चाचणीत, संपूर्ण मेंदूला किरण दिलेल्यांना ९.२ आठवडे आणि केवळ स्टिरॉइड व शुश्रूषा मिळालेल्यांना ८.५ आठवडे मिळाले, म्हणजे फरक नगण्य होता. अशा माणसाला प्रवासाचे हाल देऊ नयेत. तुमची आई आज त्या अवस्थेत नाही. ती उद्या त्या अवस्थेला पोहोचली, तर दाजींचे शब्द आठवा आणि त्या वेळी थांबण्याचा निर्णय घेताना मनात अपराधीपणा ठेवू नका.

मामांना सांगा, की दोन एकर आज विकू नयेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किरणोपचार होतात. धाराशिव, बीड, लातूरकडच्या वाचकांना बार्शीचे कर्करोग रुग्णालयही जवळ पडते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि किरणोपचार, पेट स्कॅन व ब्लॉकची तपासणी यांपैकी काय योजनेत बसते, काय पदरचे द्यावे लागेल, हे एकेक करून विचारून लिहून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयाचे मत हवे असेल, तर आईला रात्रभराच्या प्रवासाला काढण्याआधी तुम्ही एकट्याने ब्लॉक, काचपट्ट्या आणि एमआरआयची सीडी घेऊन जा. आईला बोलावले, तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत मिळते. जमिनीचा प्रश्न ब्लॉकचा अहवाल आल्यावरच उघडा. एखाद्या महागड्या गोळीचा खरा उपयोग दिसत असेल आणि ती कोणत्याही योजनेतून मिळत नसेल, तेव्हा काय करायचे ते घर बसून ठरवेल. 'आम्ही काही कमी केले नाही' हे भावकीला दाखवण्यासाठी काळी आई विकू नका. हे थोडे परखड वाटेल, पण माणूस गेल्यावर कर्ज फेडत बसलेली घरे मराठवाड्यात काही कमी नाहीत.

घरातल्या काळजीविषयी थोडे. मेंदूची सूज उतरवणारी डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची गोळी दिलेली असेल, तर ती सकाळी पोटभर खाल्ल्यावर द्या, उशिरा दिली तर रात्रीची झोप उडते. तिने साखर वाढते, म्हणून रक्तातील साखर तपासत राहा. तोंडात पांढरा थर आला किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही, तर डॉक्टरांना सांगा. 'आता बरे वाटते' म्हणून ही गोळी एकदम बंद करणे धोक्याचे आहे, ती पायरीपायरीने डॉक्टरच कमी करतील. फिटची गोळी चतुर्थी-एकादशीच्या उपवासालाही चुकवायची नाही. फिट आलीच तर आईला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. विहिरीवर आणि चुलीपाशी तिला एकटे सोडू नका. झोपाळूपणा वाढत गेला किंवा पहाटेची उलटी परतली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि वेदनाशामक उपचारांच्या विभागाशी आताच संबंध जोडा; फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरील २०१० च्या अभ्यासात ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांचे मन अधिक शांत राहिले आणि ते इतरांहून थोडे अधिकच जगले.

आईला सांगावे का, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण ती पुन्हा पुन्हा विचारते असे तुम्ही लिहिले आहे. जी बाई पुन्हा पुन्हा विचारते, तिला उत्तराचा अंदाज आलेला असतो आणि तिला त्याबद्दल कोणाशी तरी बोलायचे असते. एकदम सगळे सांगू नका. महिन्यांचा आकडा तर तिने विचारल्याशिवाय उच्चारूच नका. 'तुला काय वाटतंय?' असे आधी तिलाच विचारा, तिचे पूर्ण ऐका, आणि मग सांगा की ती गाठ कॅन्सरची होती, ती काढली आहे, पुन्हा येऊ नये म्हणून किरण द्यायचे आहेत आणि आम्ही सोबत आहोत. किरणोपचाराच्या विभागाबाहेरच्या बाकावर अनोळखी माणसाकडून तिला हे कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे. शिवाय पुढे किती उपचार घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. आजार लपवला, तर तो अधिकार मामा आणि दाजी यांच्यात वाटला जातो.

राहिला बहिणीच्या लग्नाचा प्रश्न. कार्तिकापर्यंत थांबू नका. आई तोवर नसेल असे मला म्हणायचे नाही. पण शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतरचे काही महिने हे तिच्या अंगात सर्वाधिक बळ असण्याचे दिवस असतील, आणि ते दिवस आपल्याला ठाऊक आहेत. किरणोपचार संपल्यावर काही आठवडे थकवा राहतो, तेवढा काळ सोडून ज्येष्ठातला मुहूर्त पाहा. उन्हाची काहिली लक्षात घेऊन दुपारऐवजी गोरज मुहूर्त धरा, पाहुणे बेताचे बोलवा, आणि वरपक्षाला कारण मोकळेपणाने सांगा. समजूतदार व्याही यावर अडून बसत नाहीत. तारीख आईला विचारून ठरवा. लग्नाच्या दिवशी मांडवातल्या गडबडीत फिटच्या गोळीची वेळ हुकण्याची भीती फार असते, म्हणून आईच्या गोळ्यांची पिशवी आणि त्यांच्या वेळा एका विश्वासू माणसाकडे सोपवा, आणि त्या दिवशी त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नका.